टेबलाइतकं अंतर

"दिव्याकडे बघा, हलू नका," डोळ्यांच्या दवाखान्यातली तंत्रज्ञ मिगडालिया म्हणाली. कोरीनने ते हातांनी बाबांना सांगितलं. बाबांनी मान न हलवता डोळे तेवढे कोरीनच्या हातांकडे वळवले, आणि यंत्राच्या पडद्यावर जमत आलेलं चित्र विस्कटलं.

"परत," मिगडालिया म्हणाली.

परत तेच झालं. त्यात कुणाची चूक नव्हती. वेंडेल स्टाउबर जन्माचे बहिरे. कुणी बोलू लागलं की त्याच्या हातांकडे बघायचं, ही एकच शिस्त त्यांनी ऐंशी वर्षं पाळली होती. आता हनुवटी खोबणीत, कपाळ पट्टीला, समोर लाल ठिपका, आणि बाजूला मुलगी हातांनी सांगत होती की ठिपक्याकडे बघा. ते समजून घ्यायला ठिपक्यावरून नजर काढावी लागत होती.

भिंतीलगतच्या खुर्चीत आई कोट न काढताच बसली होती. अर्लीनही बहिरीच. मांडीवर पर्स, पर्सवर मफलर, आणि त्या दोन्हींच्या वर तिचे सतत चालू असलेले हात. "एवढी वर्षं सांगतेय, माझ्याकडे बघ, तर बघत नाही," तिने खुणेने म्हटलं. "आज बघू नको म्हणतायत, तर ह्याला सगळीकडे बघायचंय."

रुग्णालयाची दुभाषीण बर्फामुळे रस्त्यात अडकली होती. ती येईपर्यंत थांबायचं का, असं मिगडालियाने मघाशी विचारलं होतं. तेव्हा आईने हात झटकून उत्तर दिलं होतं आणि कोरीनने ते मोठ्याने म्हणून दाखवलं होतं, "थांबायचं कशाला? माझी मुलगी आहे ना इथे. आणि ती फुकट आहे."

मिगडालियाने दाराकडे बघितलं. "तुमची मुलगी? कुठेय?"

"मीच ती," कोरीन म्हणाली. "हे आई बोलतेय. मी नाही."

रोचेस्टरमध्ये बहिऱ्यांची वस्ती इतकी, की शहरातल्या दुकानदारांनाही चार खुणा येतात. पण मिगडालिया नुकतीच फ्लोरिडाहून आली होती. तिला हा प्रकार नवा होता. दुसऱ्याचं बोलणं सांगायचं तर त्याच्याच तोंडाने सांगायचं, हा नियम कोरीनला कुणी शिकवला नव्हता. बहिऱ्या घरातलं एकुलतं एक ऐकणारं मूल तो आपोआपच शिकतं. सहा वर्षांची असताना, दोन वेण्या घालून, गॅरेजवाल्यासमोर उभं राहून तिने सांगितलं होतं, "माझ्या बायकोने गाडी खांबाला ठोकली. आणि आता ती म्हणते खांबच मधे आला." गॅरेजवाला हसून हसून खाली बसला होता. तेव्हापासून तिच्या तोंडातलं 'मी' हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी असायचं.

आता आईच उठली. पर्स मिगडालियाच्या हातात दिली, जणू ती तिथली खुंटीच, आणि स्टूल ओढून बाबांच्या गुडघ्याशी बसली. बाबांच्या गुडघ्यावर तळवा दाबून ठेवला. म्हणजे डोळे उघडे ठेव. मग बोटांनी एक टिचकी. म्हणजे पापणी मिटून घे. मग परत दाब.

बाबांचा डोळा लाल ठिपक्यावर स्थिर झाला.

"अरे वा," मिगडालिया हळूच म्हणाली. यंत्र गुणगुणलं. चित्र आलं, मग दुसरं, मग तिसरं. दुसऱ्या यंत्रावरही तसंच. एवढ्या कमी वेळात इतकी स्वच्छ चित्रं आपण काढलीच नव्हती, असं ती म्हणाली. "तुम्ही इथे नोकरीच धरा."

कोरीनने ते आईला सांगितलं.

"जेवणाच्या टेबलाखालून लाथा मारमारून त्याच्या पायाला सगळं समजायला लागलंय," आई म्हणाली. "डोकं मात्र अजून अडाणी आहे."

डॉक्टर माझूर यांनी ती चित्रं मोठ्या पडद्यावर लावली. डोळा मधोमध कापून ठेवल्यासारखा दिसत होता. "अर्धं उकडलेलं अंडं," बाबा म्हणाले, आणि कोरीनने ते डॉक्टरांना सांगितलं.

"जरा जास्तच उकडलेलं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांचे मोतीबिंदू एकाच मापाने काढायचे नसतात, म्हणून ही चित्रं. हा आतला गर बघा, किती पांढरा दिसतोय. चांगलाच पिकलाय, घट्ट झालाय. यंत्राची सुई थरथरून हा गर फोडते. घट्ट गराला जोर जास्त लावावा लागतो. पण हे दुसरं चित्र बघा. डोळ्याच्या पुढच्या काचेला आतून पेशींचं अस्तर असतं, ते तुमच्याकडे विरळ झालंय. जोर जास्त लावला तर ती काच कायमची धुरकट होईल. आणि ही पुढची जागा उथळ आहे, म्हणजे आत सोडायच्या पाण्याचा दाबही बेताबेतानेच. तेव्हा मी जोर कमी ठेवणार, आधी गराचे तुकडे करणार, मग एकेक तुकडा काढणार."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे वेळ लागेल. दुसऱ्यांना लागतो त्याच्या तिप्पट."

बाबांनी पडद्याकडे बघितलं. ते वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. यंत्रांच्या ज्या धडधडाटात ऐकणाऱ्यांना दुपारपर्यंत डोकेदुखी व्हायची, त्यात बहिरे जुळारी मजेत गप्पा मारत काम करायचे. उलट्या अक्षरांतली चूक बाबा हातभरावरून धरायचे. आता त्यांना पडद्यावरचा स्वतःचा डोळाही धड दिसत नव्हता. डावा डोळा तर लहानपणीच गोवरात गेलेला. हा उजवा एकच.

"आणि तेवढा वेळ तोंडावर कापड," ते म्हणाले. "काही दिसणार नाही."

"दिव्याचा झगझगाट दिसेल. बाकी नाही."

"आमच्या शाळेच्या वसतिगृहात रात्री दिवा घालवायचे," बाबा म्हणाले. "ऐकणारी मुलं अंधारात गोष्टी सांगतात म्हणे. आमचं बोलणं तिथेच तुटायचं. मी खिडकीशी निजायचो, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड हातांवर पडावा म्हणून."

डॉक्टर काही बोलायच्या आतच आईचे हात सुरू झाले. "मी बसेन ना तिथे. ह्याच्या गुडघ्याशी. विचार डॉक्टरला, चालेल का. आणि नाही चाललं तर सांग, ही बाई ऐकत नाही."

कोरीनने ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर हसल्या. नियमात बसत नाही, पण बसवू, म्हणाल्या. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. डोळ्यात जे नवं भिंग बसवायचं, ते एकाच अंतराला अगदी स्वच्छ दिसेल असं निवडतात. गाडी चालवायला लांबचं, वाचायला जवळचं. मिस्टर स्टाउबर यांना कुठलं हवं?

बाबांनी आईकडे बघितलं.

"वाचायला चष्मा लाव, आणि गाडी मी चालवते," आई म्हणाली. "टेबलाइतकं अंतर सांग. आपलं स्वयंपाकघरातलं टेबल. तू ह्या बाजूला, मी त्या."

"म्हणजे हिची बडबड चुकवायची सोय राहिली नाही," बाबा म्हणाले. पण त्यांनी मान हलवली, आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी कोरीनने त्यांना घरी सोडलं. बहिऱ्यांचा निरोप कधीच लवकर आटोपत नाही. दारात, मग पायरीवर, मग गाडीच्या काचेशी. गाडीत बसल्यावर कोरीनने आतला दिवा लावून ठेवला, आणि आई स्वयंपाकघराच्या उजेडातल्या खिडकीतून बोलतच राहिली. टायर बघून घे. उद्या शुक्रवार, क्लबात मासे तळणार आहेत, येतेस ना. मागच्या वेळसारखा तो पुस्तकातला चेहरा करून बसू नकोस. कोरीनने हात वर करून, येते म्हटलं, आणि दिवा घालवला.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात पडली.

कोरीन शाळेच्या ग्रंथालयात कामावर होती, तिथे तिला बाबांचा संदेश आला. अक्षरं एकमेकांत अडकलेली. खिळ्यांत ज्याचं कधी एक अक्षर चुकलं नाही त्या माणसाने 'आई' हा शब्दही नीट उमटवला नव्हता. ती आपत्कालीन विभागात पोहोचली तेव्हा बाबा भिंतीला पाठ लावून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघत उभे होते. दुभाषी वाटेवर आहे, असं खिडकीतल्या बाईने सांगितलं. त्याच्याआधी डॉक्टर आला. तरुण होता. तो कोरीनकडे बघून बोलायला लागला.

बाबांनी तिची बाही ओढली. "काय म्हणतोय? विचार त्याला."

"माझ्या बायकोला काय झालंय?" कोरीनने विचारलं.

डॉक्टर सांगत गेला आणि तिचे हात सांगत गेले. मेंदूत रक्तस्राव. फार मोठा. सगळं केलं. मग ती खूण आली. एक तळवा उताणा, एक पालथा, आणि दोन्ही एकदम उलटे होतात. बाबांना ती दिसली नाही. त्यांनी डोळे बारीक केले, पुढे झुकले, आणि परत सांग म्हणाले. कोरीनने त्यांना दिव्याखाली ओढलं, त्यांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ हात नेले, आणि तीच खूण परत, मोठी करून केली.

बाबांचे हात हलले.

"म्हणजे माझी बायको गेली?" कोरीन डॉक्टरला म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाला, आणि ह्या वेळी त्याने बाबांकडे बघितलं. "फार वाईट झालं."

त्यानंतर ते वाक्य तिने किती जणांना सांगितलं. अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, 'माझी बायको गेली.' बँकेतल्या मुलीला, 'माझी बायको गेली.' मावशीचा फोन आला तेव्हाही बाबा समोर बसून हातांनी सांगत होते आणि ती फोनवर म्हणत होती, 'अगं, माझी अर्लीन गेली.' शाळेत तिने लिहून कळवलं. लिहिणं तिला नेहमीच सोपं जायचं. चर्चमध्ये पाद्री खुणांनी बोलत होता, आणि मागच्या दोन रांगांत बसलेल्या ऐकणाऱ्या माणसांसाठी कोरीन बाजूला उभी राहून त्याचं बोलणं म्हणत होती. 'आमची बहीण आमच्यातून गेली.' आवाज अजिबात हलला नाही. लोकांनी नंतर हात हातात घेऊन तिचं कौतुक केलं. किती छान सांगितलंस, म्हणाले.

तिच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य मात्र राहून गेलं. ते कुणापुढे म्हणायचं, हेही तिला कळत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती एकटीच राहायची. मैत्रिणी होत्या, पुस्तकांमुळे जमलेल्या. त्या काय बोलतील ते तिला आधीच ठाऊक होतं. आईबद्दल जिच्याशी बोलावं असं वाटे, ती आईच होती. आणि मग बाबा.

ती कपडे घेऊन बाबांच्या घरी राहायला गेली. तिथे स्वयंपाकघरात अख्ख्या घरातला सगळ्यात प्रखर दिवा होता, कारण बोलणं तिथे चालायचं. आता त्या दिव्याखाली दोघं बसायची आणि बोलणं होत नसे. आई ज्या खुर्चीत बसायची, ती खुर्ची टेबलाच्या पलीकडे होती. कोरीन तिथे बसली तर बाबांना तिचे हात म्हणजे धुक्यात हलणारं काहीतरी. म्हणून ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आणि लहान लहान वाक्यं करायची. सूप. बर्फ काढला. गोळी घ्या. झोपा.

डॉक्टर माझूरांच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा बाबांनी हात झटकला. "काय बघायचंय आता?"

मग एका दुपारी, सूप निवत असताना, ते आपणहून बोलले.

"ती इथेच उभी होती," ते म्हणाले. "ओट्याशी. मी इथे बसलो होतो. ती वळली आणि काहीतरी म्हणाली. हात हलले. मला वाटलं, नेहमीचंच. दूध आण, नाहीतर तोंड पूस. मी मान डोलावली. आणि ती पडली."

कोरीनने सूपची वाटी बाजूला सरकवली.

"एवढ्या अंतरावरून मला दिसलं नाही, ती काय म्हणाली," बाबा म्हणाले. "आणि मी हो म्हटलं."

मार्च सरत आला तरी रस्त्याच्या कडेचे काळे ढीग वितळले नव्हते. एका रविवारी कोरीनने जेवण झाल्यावर ताटल्या तशाच ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसली. तिला बोलायचं होतं. काय, ते नीट जुळवून ठेवलेलं नव्हतं. तिने सुरुवात केली ती आईच्या मफलरपासून. तो तिच्या गाडीत मागच्या सीटवर राहिला होता, आणि तिने तो अजून घरात आणला नव्हता. तिथून ती कशी कोण जाणे, आपत्कालीन विभागातल्या त्या दिव्याखाली गेली. "तुम्हाला दिसलं नाही म्हणून मला तेच दोनदा सांगावं लागलं," ती म्हणाली. "आणि दोन्ही वेळा ते मी तुमच्यासाठी सांगितलं. डॉक्टरशी बोलले ती तुमच्या तोंडाने. माझं मला अजून सांगता आलेलं नाही, बाबा. मी कुणाला सांगू? माझीही ती…"

तिचे हात भराभर चालायला लागले होते. लहानपणी चालायचे तसे. पाळण्यात असताना तिचे ओठ सतत हलायचे, त्यातून काय निघतं ते आईबाबांना कळायचं नाही, म्हणून त्यांनी तिचं खुणेतलं नावच ओठांपाशी ठेवलं होतं. बाबा मान डोलावत होते. तिने वर बघितलं. ते अजूनही मान डोलावत होते, जरा उशिराने, जरा हसऱ्या चेहऱ्याने, जिथे डोलावायला नको तिथेही.

ती मान तिने ओळखली. प्रत्येक बहिऱ्याच्या मुलाला ती ओळखता येते. छापखान्याचा मुकादम तोंड न उघडता बोलायचा, तेव्हा बाबा असेच मान डोलवायचे. गावातल्या डॉक्टरसमोर, सरकारी बाबूसमोर, तिच्या लग्नात तिच्या सासऱ्यासमोर. समजल्याचं सोंग करून समोरच्याला वाटेला लावायची ती मान होती. ती बाहेरच्यांसाठी होती. घरात तिला कधीच जागा नव्हती.

कोरीनने बाबांचे दोन्ही हात धरले आणि थांबवले. मग सोडले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, अगदी जवळ, हळू विचारलं, "बाबा, मी आत्ता काय म्हणाले?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच थोडा वेळ राहिलं. मग गेलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

ताटल्यांवर चरबी थिजत होती.

"तुलापण मी तेच केलं," बाबा म्हणाले. "तिला केलं तेच." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, आणि फोनच्या दिशेने बोट केलं. "लाव."

"काय सांगू?"

"निरोप ठेव, येतोय म्हणून."

दवाखान्यात मिगडालियाने त्यांना ओळखलं, आणि ओळखल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने आईच्या मोकळ्या स्टुलाकडे बघितलं आणि काही न बोलता ते बाबांच्या गुडघ्याशी आणून ठेवलं. कोरीन त्यावर बसली. तळवा दाबला. टिचकी दिली. बाबांचा डोळा ठिपक्यावर थांबला, पण चित्र आलं ते वेडंवाकडं. पुन्हा काढलं, तरी तसंच.

"हलले नाहीत ते," कोरीन म्हणाली.

"हलले नाहीतच," मिगडालिया म्हणाली. "डोळ्यांवरचं पाणी नीट नाहीये. कोरडे पडलेत, मधेमधे चिकट. फार रडलं की असं होतं. वरचं पाणी सारखं पसरलं नाही की माप चुकतं." मग तिने आवाज खाली आणला, बाबांना ऐकू येईल अशी भीती असल्यासारखा. "रडतात का?"

"मी बघितलं नाही," कोरीन म्हणाली. ते खरं होतं. भिंतीपलीकडच्या खोलीत बाबा रडले असते तर तो आवाज फक्त तिलाच ऐकू आला असता. तिने रात्री कानांत बोळे घालून झोपायला सुरुवात केली होती.

डॉक्टर माझूर यांनी दोन्ही दिवसांची चित्रं शेजारी शेजारी लावून बघितली. "पहिल्या दिवशीचीच घेऊ," त्या म्हणाल्या. "दोन महिने काही फार नाहीत. जोर, दाब, सगळं त्यावरूनच ठरवलंय. ती चित्रं चांगली आहेत." मग, "मिस्टर स्टाउबर, भिंगाच्या अंतराचं काय? तेव्हा आपण टेबलाइतकं म्हटलं होतं. आता बदलायचं असेल तर बदलता येईल. लांबचं घेतलंत तर फिरायला सोपं जाईल. खूप जण तेच घेतात."

कोरीनने ते सांगितलं. बाबांनी डॉक्टरकडे बघितलं नाही, तिच्याकडेच बघितलं.

"तू जाणारेस का परत तुझ्या घरी?" त्यांनी विचारलं.

"आत्ता नाही."

"कधीतरी जाशील."

"येत राहीन. शुक्रवारी. रविवारी."

"मग टेबलाइतकंच," बाबा म्हणाले. "आणि माझ्या मांडीवर बसून बोलणं बंद कर. मान दुखते माझी."

"टेबलाइतकंच ठेवा," कोरीन डॉक्टरला म्हणाली. बाकीचं तिने सांगितलं नाही. दुभाष्याने गाळायचं नसतं, पण ते तिने गाळलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाची दुभाषीण वेळेवर आली होती. आत जाईपर्यंतचं सगळं तिनेच सांगितलं. कोरीनला बरं वाटलं, आणि मग एकदम रिकामं वाटलं. हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत बसली. मग बाबांना टेबलावर निजवलं, दुभाषीण दाराशी थांबली, आणि हिरवी टोपी-झगा घातलेल्या कोरीनला त्यांच्या कमरेशी, चाकाच्या स्टुलावर बसवलं. कापड चेहऱ्यावर यायच्या आधी बाबांनी तिला शोधलं. तिने हात हलवला. त्यांना तो दिसला की नाही, कोण जाणे. मग कापड आलं.

तिने तळवा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. बाबांचा एक हात पांघरुणाखालून बाहेर, पोटावर मोकळा होता. चेहऱ्याकडे न्यायचा नाही, एवढी एकच अट.

"सुरू करतेय," डॉक्टर म्हणाल्या. यंत्राचा आवाज आला. बारीक, चढत गेलेला आणि मग एका जागी थांबलेला. "जोर ठरवला तेवढाच," त्या शेजारच्या नर्सला म्हणाल्या. "दाब वाढवू नको. तुकडे करतेय."

कोरीन सांगत होती. दाब, टिचकी, दाब. ठीक चाललंय, असं सांगायला तिने तळव्याने त्यांच्या मांडीवर एक गोल काढला. त्यांनी आधी तसं काही ठरवलं नव्हतं. पण बाबांच्या पोटावरचा अंगठा वर झाला. समजलं.

वेळ गेला. तुकडे एकेक करून निघत होते. डॉक्टर मधेच काही सांगत, आणि कोरीनपाशी त्यासाठी खूण नसे, म्हणून ती फक्त दाबून धरे. बाहेरच्या जगाशी ती आता कुणाच्या तोंडाने बोलत नव्हती. एवढा वेळ गप्प राहून ती कुणापाशी बसल्याला किती दिवस झाले असतील, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचारापाठोपाठ दुसरं काही येऊ नये म्हणून तिने यंत्राच्या आवाजाकडे लक्ष दिलं.

तेव्हा बाबांचा हात हलायला लागला. एकच हात, पोटावर, उलट्यापालट्या जागी. चेहऱ्याशी करायच्या खुणा छातीखाली करत होता, अंधारात चाचपडत लिहावं तसा. आईच्या नावाची खूण तिने ओळखली. मग तळवा. उताणा होता, तो पालथा झाला. एकाच हाताने अर्धी केलेली ती खूण. परत नाव. परत तळवा. ते कुणालाच सांगत नव्हते. अंधारात, कुणी बघत नाही असं धरून, ते आपल्याआपणच बोलत होते.

"ते हात हलवतायत," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या. "दुखतंय का? काय म्हणतायत?"

कोरीनने तळवा गुडघ्यावर तसाच दाबून ठेवला. वाक्य तयार होतं. ते तिने इतक्यांदा म्हटलं होतं की तोंड आपणहून उघडलं.

"माझी…" ती म्हणाली, आणि थांबली.

"काय?"

"माझी आई गेली," कोरीन म्हणाली.